जुन्या पिकअपचे ॲव्हरेज

तुमच्या दारात जुनी डिझेल पिकअप उभी असेल, तर "काय ॲव्हरेज देते?" हा प्रश्न तुम्हांला दहाजणांनी विचारला असेल, आणि तुम्हीही एखादा आकडा ठोकून दिला असेल. तासगावच्या माझ्या चुलतभावाने असाच 'तेरा' सांगितला होता. मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. इंजिनातले मला काय कळणार? पण हिशेब कळतो. म्हटलं, "दादा, टाकी काठोकाठ भर, किलोमीटर लिहून ठेव, आणि पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भर." असे तीनदा केले. निघाले दहा.

आता असे पाहा. वर्षाला ३०,००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १० देते तेव्हा ३,००० लिटर पिते. १२ देऊ लागली तर २,५००. डिझेल ९० रुपये धरले तर फरक ४५,००० रुपयांचा. गाडी कर्जावर घेतलेली, त्यात घडात पाणी भरायच्या वेळी अवकाळी पाऊस आला, की बँकेचा हप्ता जातो की थकतो ते एवढ्या रकमेवर ठरते.

दादा अगोदर एका गॅरेजात जाऊन आला होता. तिथल्या मिस्त्रीने पंपाचे डिझेल वाढवून दिले. गाडी ओढू लागली खरी, पण मागून काळा धूर!

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते, बरं का. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते. तीत तेलाचा बारीक फवारा उडवला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली हे इंजिन चालवून दाखवले; तत्त्व आजही तेच. तेव्हा काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने तेल जास्त, अर्धवट जळालेले तुमचे पैसे. ज्या जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तिथल्या शेतकऱ्याला हे मी काय सांगावे? विहिरीवरचे इंजिन काळे ओकू लागले की तो कान टवकारतो. गाडीच्या बाबतीत मात्र तोच म्हणतो, "जुनी आहे, चालायचंच."

एअर फिल्टर उघडला तर आत बागेच्या वाटेवरची माती. तो हवा मारून पुन्हा पुन्हा वापरला होता. जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात, मग धूळ आत जाऊन लायनर घासते. नव्या फिल्टरची किंमत टाकीभर डिझेलपेक्षा पुष्कळ कमी. तिथे काटकसर नको. पंप पूर्वीच्या मापावर आणला, नोझल टेस्ट बेंचवर तपासून घेतले. डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी आता दादा नेमाने सोडतो, पावसाळ्यात तर आठवड्याला.

पण मोठा चोर इंजिनात नव्हताच. बाजारातून आल्यावर दादाने चाकांच्या ड्रमांजवळ हात नेला (लावला नाही!) तर डावीकडचा मागचा ड्रम भट्टीसारखा. ब्रेक अडकत होता. गाडी दिवसभर स्वतःलाच ओढत होती. टायरांची हवाही अंदाजपंचे. ती दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेली असते. सकाळी, टायर थंड असताना पाहावी.

चालवण्याची एक सवय मात्र मला साताऱ्याकडे दिसली. पाचगणीहून स्ट्रॉबेरीचे क्रेट भरून पसरणी घाट उतरताना काहीजण गाडी न्यूट्रल करतात. डिझेल वाचते म्हणे! खरे उलटे आहे. गियरमध्ये असताना पाय उचलला की चाकेच इंजिन फिरवतात, आणि पंप तेल तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला तेल द्यावेच लागते. शिवाय भरल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर. ते तापले की पकडत नाहीत. चावी बंद करणे तर त्याहून वाईट: ब्रेकची मदत जाते, स्टिअरिंग जड होते, चावी काढली तर अडकतेही. चढताना जो गियर लागेल, तोच उतरताना ठेवावा.

दादाच्या वहीत मागच्या तीन भरण्यांची सरासरी बाराच्या थोडी वर आहे. आता तो मलाच विचारतो, "तेरा कधी होणार?"