दिव्याला निरोप



मी आज शिकागोची हकिकत सांगणार आहे. तिथे सरोवराकाठी मॅकॉर्मिक प्लेस नावाची काचेची प्रचंड इमारत आहे. 5 ऑक्टोबर 2023 रोजी सकाळी तिच्या पायथ्याशी सुमारे हजार पाखरे मरून पडलेली आढळली. थंडीच्या आधी ही पाखरे दक्षिणेकडे निघतात, तीही रात्री, ताऱ्यांच्या खुणेने. एकेकाचे वजन जेमतेम तोळाभर! खालचे दिवे त्यांना भुलवितात आणि काच तर दिसतच नाही.

संग्रहालयातले डेव्हिड विलार्ड नावाचे गृहस्थ 1978 पासून तिथली मेलेली पाखरे वेचू लागले. कोण कौतुक करणार होते त्यांचे? पण त्यांच्याच नोंदींवरून अभ्यासकांनी 2021 मध्ये दाखविले की, खिडक्यांतले दिवे पूर्वी नोंदल्या गेलेल्या किमान पातळीपर्यंत कमी केले तरी तिथले सुमारे 60 टक्के मृत्यू टळतील. 2024 मध्ये काचांवर ठिपक्यांचा पातळ पापुद्राही चिकटविला; मृत्यू फारच घटले.

आपल्याकडे दिवा ‘विझव’ म्हणत नाहीत, ‘निरोप दे’ म्हणतात. वर्षभर अंधारात बसा, असे तिथेही कुणी सांगत नाही. वसंतातले आणि शरदातले काही आठवडे, रात्री कचेऱ्या रिकाम्या असताना, एवढेच मागणे आहे.