राजघराण्यांच्या सोयरिकी आणि वंशावळीतून गायब झालेल्या लेकी

मी चारठाण्याचा, म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातला. शिक्षण बी.टेक., पोटापाण्याला सॉफ्टवेअर. आजचा विषय आहे राजेलोकांची नाती, लग्नं आणि आडनावं. तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? शेवटी ही गोष्ट तुमच्या-माझ्या सातबाऱ्यापर्यंत येते, तेव्हा पूर्ण ऐका.

आधी युरोपात जाऊ. १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म समोरासमोर आले, आणि हे दोघं होते सख्खे आत्ते-मामेभाऊ. रशियाच्या झारची बायको अलेक्झांड्रा, तीही यांची बहीणच लागायची. तिघांची आजी एक, राणी व्हिक्टोरिया.

आता आडनाव बघा. व्हिक्टोरियानं त्रेसष्ट वर्षं राज्य केलं. पण तिच्यानंतर घराण्याला नाव लागलं ते तिच्या जर्मन नवऱ्याच्या, अल्बर्टच्या घराण्याचं: सॅक्स-कोबर्ग आणि गोथा. राज्य बाईचं, नाव नवऱ्याकडचं! पुढे युद्धात लोक जर्मन नावावर चिडले, तेव्हा १९१७ साली जॉर्जनं जाहीरनामा काढला आणि घराणं एका दिवसात झालं विंडसर. त्याच वर्षी त्यांच्या नात्यातल्या बॅटनबर्गांनी आपलं नाव माउंटबॅटन करून घेतलं. आपले शेवटचे व्हाइसरॉय याच घरातले.

आता आपल्याकडे या. चारठाण्यात जुनी दगडी देवळं आहेत, यादवांच्या काळाची आठवण सांगणारी. बुलढाणा जिल्ह्यातलं सिंदखेड राजा इथून फार लांब नाही. तिथले जाधव आपलं मूळ देवगिरीच्या यादवांपर्यंत नेतात. त्याच घरातली, लखुजी जाधवांची लेक म्हणजे जिजाऊ. त्या भोसल्यांच्या घरात आल्या आणि पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे.

शिवाजी महाराजांच्या घरातल्या सोयरिकी कागदावर मांडून बघा. सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या. त्यांची लेक सखुबाई परत फलटणलाच दिली, मामा बजाजी निंबाळकरांच्या मुलाला, महादजीला. पिलाजी शिर्क्यांची लेक येसूबाई संभाजी महाराजांना केली आणि महाराजांची लेक राजकुंवर शिर्क्यांच्या गणोजीला दिली. आपल्याकडे याला साटंलोटं म्हणतात. सोयराबाई मोहित्यांच्या, त्यांचे भाऊ हंबीरराव मोहिते हे सरसेनापती, आणि हंबीररावांची लेक ताराबाई पुढे राजाराम महाराजांची राणी झाली. म्हणजे मामाची मुलगी केली.

हे लाडाकौतुकाचं नव्हतं. वतनदार घराणी एकमेकांशी बांधून ठेवायचा तो मार्ग होता. प्रत्येक गाठीला एक लेक लागायची, बहुतेक वेळा वयानं अगदी लहान. तिला कुणी विचारायचं नाही.

आणि गाठ बांधली म्हणून ती टिकेलच असंही नाही. १६८० साली महाराज गेले. रायगडावर राजाराम महाराजांना गादीवर बसवलं. हंबीरराव त्यांचे सख्खे मामा, तरी ते संभाजी महाराजांच्या बाजूनं उभे राहिले. नात्यापेक्षा त्यांनी राज्याचा विचार केला. पुढे ताराबाईंनी तर नवऱ्यामागे औरंगजेबाशी लढा चालवला. त्यांची ओळख नुसती ‘राजारामांची राणी, मोहित्यांची मुलगी’ एवढ्यात बसते का?

आता माझ्या आवडीचा भाग, कोल्हापूर. आपण वंशावळ काढतो ती झाडासारखी. वर बाप, खाली मुलगा, त्याखाली नातू. आमच्या भाषेत याला ट्री म्हणतात: प्रत्येक नोडला वरून एकच बाण. पण कोल्हापूरची गादी या ट्रीमध्ये बसवायला गेलात की प्रोग्राम अडकतो.

राजर्षी शाहू महाराज जन्मानं कागलचे घाटगे, यशवंतराव. १८८४ साली राणी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतलं आणि ते भोसले झाले. त्यांची लेक राधाबाई, म्हणजे अक्कासाहेब, देवासच्या पवारांकडे दिली. त्या लेकीचा मुलगा विक्रमसिंहराव पवार १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर आला, शहाजी महाराज म्हणून. पवारांचे भोसले झाले. मग शहाजी महाराजांनी १९६२ साली दत्तक घेतला तो आपल्या लेकीचा मुलगा, नागपूरकर भोसल्यांकडचा. तेच आजचे शाहू महाराज, २०२४ साली कोल्हापुरातून खासदार झालेले.

लक्षात आलं का? पाटीवर भोसले हे एकच नाव सलग दिसतं. पण गादी दोन वेळा लेकीच्या मुलाकडे गेली. नात्याचा खरा धागा मुलींमधून आला आणि तक्त्यात त्यांच्या जागी आडवी रेघ. त्यामुळे मला वाटतं, राजघराणी समजायची तर झाड सोडा, जाळं काढा. आणि त्यात माहेरचा बाणही दाखवा.

आता आपल्या घराकडे. आमच्या घरी वंशावळीचा कागद आहे. सात पिढ्या आहेत, एकही बाई नाही. तुमच्याकडेही वेगळं नसेल. याचा त्रास कधी होतो? घरातला कर्ता माणूस गेला की वारस नोंदीसाठी वंशावळ लिहून द्यावी लागते. तेव्हा लेकींची नावं एकतर ‘विसरतात’, नाहीतर हक्कसोडपत्रावर सह्या होतात आणि ती साडीचोळी घेऊन परत जाते. कायदा मात्र स्पष्ट आहे. २००५ सालापासून हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मालमत्तेवर मुलीचा जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे, आणि लग्न झालं म्हणून तो जात नाही. सोडायचा की ठेवायचा ते तिनं ठरवायचं, भावानं गृहीत धरायचं नाही.

एक बदल झालाय, चांगला आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं ठरलंय. म्हणजे टेबलात एक नवा कॉलम आला. पण त्याआधी जन्मलेल्या आपल्या सगळ्यांचं काय?

तर या रविवारी एक काम करा. आजीजवळ बसा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि तिला विचारा: तुझं माहेरचं आडनाव काय? तुझ्या आईचं माहेर कुठलं? आत्या कुठं दिल्या? नावं लिहून घ्या, गावासकट. आज्या आहेत तोवरच हा डेटा मिळणार आहे, याचा बॅकअप कुठंच नाही.

तुमच्या घरातलं सगळ्यात जुनं बाईचं नाव कोणतं सापडलं, ते मला व्हॉइस नोटनं नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. राम राम!