परकीय प्रशस्ती आणि देशाभिमान



रवींद्रनाथांना १९१३ च्या नोव्हेंबरात नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि त्याच महिन्यात कलकत्त्याहून खास आगगाडी करून शेकडो प्रतिष्ठित मंडळी सत्कारासाठी शांतिनिकेतनात दाखल झाली. मूळ बंगाली ‘गीतांजली’ प्रसिद्ध होऊन तेव्हा तीन वर्षे लोटली होती. स्वदेशात ज्यांनी उपेक्षाच केली, त्यांचा हा उमाळा कवीला सहन झाला नाही. हा सन्मान ओठांपर्यंत नेता येईल, घशाखाली उतरणार नाही, अशा आशयाचे कडवट उत्तर त्यांनी दिले. पाहुणे दुखावून परतले. गुलाम देशातील सुशिक्षितांची ही रीत एक वेळ समजू शकते. स्वतंत्र देशात ती का टिकावी?

जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या क्रमवारीचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत भारत १४२ वा होता; २०१९ च्या यादीत ६३ वा. या चढत्या क्रमांकाचा केवढा उत्सव झाला! वस्तुतः भारतापुरती ही मोजणी मुंबई व दिल्ली या दोनच शहरांची, आणि तीही बहुतांशी वकील, हिशेबतपासनीस व तत्सम जाणकारांनी भरून दिलेल्या उत्तरांवर आधारलेली. बीड-गडचिरोलीच्या दुकानदाराला तीत स्थान नव्हते. कामगाराला तर नाहीच. याच धर्तीवर २०१५ पासून राज्याराज्यांतही चढाओढ लावण्यात आली आणि कामगार कायद्यांखालील तपासणीची ‘सुधारणा’ हा तीत गुण मिळवण्याचा एक विषय ठरला. कारखान्यात निरीक्षक कधी व किती वेळा जावा, हा यंत्रावर हात गमावणाऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. तो परकीय भांडवलाला खूश करण्याच्या हिशेबात जमा झाला.

पुढे काय झाले? जानेवारी २०१८ मध्ये बँकेचे तत्कालीन मुख्य अर्थशास्त्रज्ञ पॉल रोमर यांनी चिलीच्या क्रमांकाबाबत क्षमा मागितली. सप्टेंबर २०२१ मध्ये आकडेवारीतील गैरप्रकारांच्या चौकशीनंतर बँकेने हा अहवालच बंद केला. त्या गैरप्रकारांत भारताचे नाव नव्हते, हे सांगणे न्यायाचे होईल. परंतु ज्या आरशात पाहून मिशांवर ताव दिला, तो आरसाच मालकाने फोडून टाकला, त्याची आपल्याकडे फारशी वाच्यताही झाली नाही.

याउलट जागतिक भूक निर्देशांकाने २०२३ साली १२५ देशांत भारताला १११ वे स्थान दिले, तेव्हा हेच सरकार मोजमापाच्या पद्धतीतील दोष दाखवू लागले. काही आक्षेप विचारार्ह आहेत. चारपैकी तीन निकष बालकांचेच आहेत. मात्र प्रशस्ती आली की पद्धत निर्दोष आणि ठपका आला की सदोष, याला शास्त्रीय चिकित्सा म्हणत नाहीत.

या व्याधीतून पुरोगामी चळवळही मुक्त नाही. भूक निर्देशांक हाती येताच आपले कार्यकर्ते तो निशाणासारखा फडकावतात. कारण दाखला परदेशी असल्याशिवाय आपल्याच मुलांची उपासमार सिद्ध होत नाही, असे त्यांनाही मनोमन वाटते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके खुरटलेली आढळली. महाराष्ट्रातील कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण ३६.१ टक्के होते. राष्ट्रीय सरासरी ३२.१. हे आकडे खुद्द भारत सरकारचे आहेत, आणि पुढारलेल्या म्हणवणाऱ्या राज्याला खाली मान घालायला लावणारे आहेत. या पाहणीचे जिल्हावार तक्ते मिळतात. अंगणवाडीतील पूरक आहारासाठी दर बालकामागे दिवसाला ८ रुपये हा दर केंद्राने २०१७ साली ठरवला. त्यात डाळ किती आणि तेल किती येते, हा हिशेब जिल्हा परिषदेच्या सभेत मागायला कोणत्याही विदेशी संस्थेच्या शिफारसपत्राची गरज पडत नाही.