अंदमानच्या पलीकडचं पाणी



मे महिन्याचा तिसरा आठवडा. नागपुरात पारा 45 अंशांच्या आसपास, कूलरची खस बदलून झालेली, नवतपा तोंडावर. आणि एका सकाळी बातमी येते, मॉन्सून अंदमानात पोहोचला. आपण हुश्श करतो. पण अंदमानात म्हणजे कुठे?

हवामान खात्याच्या निवेदनात बेटांबरोबर ‘दक्षिण अंदमान समुद्र’ असे शब्द असतात. नकाशा काढून बघा. बंगालच्या उपसागरात बेटांची एक उभी माळ दिसते. आपली नजर तिथंच थांबते. त्या माळेपलीकडे, थेट ब्रह्मदेश आणि थायलंडच्या किनाऱ्यापर्यंत, हा अंदमान समुद्र पसरला आहे. उत्तरेला इरावतीचा त्रिभुज प्रदेश, दक्षिणेला सुमात्रा आणि मलाक्काची सामुद्रधुनी. लांबी सुमारे 1200 किलोमीटर. आपली बेटं ही त्याची पश्चिमेकडची भिंत, तीही फटींची. अंदमान आणि निकोबारच्या मधली फट तर सुमारे 150 किलोमीटर रुंद आहे. दहाव्या अक्षांशावर आहे म्हणून तिला ‘टेन डिग्री चॅनेल’ म्हणतात.

खरं म्हणजे ही बेटं डोंगरच आहेत. ब्रह्मदेशातली आराकान योमा रांग समुद्रात उतरते, तिचे शेंडे तेवढे पाण्यावर राहतात. इथं भारताचा भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली सरकतो आहे, त्यामुळे ही जागा स्वस्थ नाही. बॅरन बेटावरचा ज्वालामुखी, भारतातला एकमेव जागृत, दीड शतकाहून अधिक काळ निजून 1991 मध्ये उठला. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात देशाचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरहून अधिक खचलं. तिथल्या दीपगृहाच्या पायथ्याशी समुद्र आला.

आपल्या घरांत मात्र या पाण्याचं नाव एकच, काळं पाणी. 1911 मध्ये सावरकरांना सेल्युलर जेलमध्ये आणलं, तेव्हा लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते. मंडाले इरावतीच्या काठी, आणि इरावती आपला सगळा गाळ आणून ओतते ती याच समुद्रात. शाळेत हे दोन तुरुंग आम्ही दोन वेगळ्या धड्यांत शिकलो. नकाशा कुणी उघडला नाही.

असो. अंदमानात आलेल्या मॉन्सूनला नागपूर गाठेपर्यंत जूनचा मध्य उजाडतो. तोवर रोज संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरणं आहेच.