थांबण्याची ऐपत
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आयुष्यातल्या निवडीविषयी बोलायचं म्हटलं की आपल्यासमोर मोठे प्रसंग येतात. शाखा कोणती घ्यायची, लग्न कुणाशी करायचं, नोकरी सोडायची की नाही. मला मात्र आज तुम्हाला सकाळी आठ वाजता पुणे परिसरातल्या वारज्याच्या नाहीतर डांगे चौकातल्या मजूर अड्ड्यावर न्यायचं आहे. माणूस निवड कशी करतो, हे तिथे जितकं उघड दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

अड्डा आपण सगळ्यांनी जाता-येता पाहिलाय. पाच मिनिटं थांबलात तर त्या गर्दीतली माणसं वेगवेगळी दिसू लागतात. गवंड्याच्या पिशवीतून थापीची मूठ बाहेर आलेली असते, रंगाऱ्याच्या हातात ब्रश असतो. बिगाऱ्याकडे दाखवायला फार तर फावडं-घमेलं. बायका एकमेकींना लागून बसलेल्या, मांडीवर डबा. कुणी नांदेड-लातूरकडचं, कुणी सोलापूरचं, कुणी कलबुर्गीचं.

एकदा माझ्यासमोर मजूर न्यायला गाडी थांबली. दोन दिवसांचं प्लास्टर होतं. दर ठरला, आणि गवंडी म्हणाला, "बिगारी माझा मी आणतो."

"बिगारी आहे आमच्याकडे."

"मग नाही जमायचं, साहेब."

गाडी गेली. त्याच्या शेजारी त्याच्याच गावचा एक पोरगा उभा होता, शहरात नवा. मी विचारलं, चांगलं काम का सोडलंत? "याला इथं कोण ओळखतं? आठ दिवस हात रिकामा राहिला तर गावाकडं निघून जाईल." साडेदहाला दोघांना काम मिळालं, पण ते खोदाईचं. हातात थापी असलेला तो माणूस त्या दिवशी बिगाऱ्याच्या हजेरीवर माती उपसायला गेला.

ही निवड मला फार मोठी वाटते. पण तिचं कौतुक करून थांबू नका, तो साडेदहापर्यंत थांबू शकला हेही लक्षात घ्या. ज्याचं खोलीभाडं चुकतं झालंय तो थांबतो. ज्याच्या घरी आजारपण आहे, ज्याच्यावर मुकादमाची उचल आहे, तो पहिल्याच गाडीत चढतो, दर न विचारता. आपण पहिल्याला करारी म्हणतो आणि दुसऱ्याला लाचार. मला हे मुळीच मान्य नाही. करारीपणाला घरातल्या पिठाच्या डब्याचा आधार लागतो, आणि हे आपल्या सगळ्यांच्या निर्णयांना लागू आहे. मनासारखं काम मिळेपर्यंत सहा महिने घरी बसू शकलेला पदवीधर आणि मिळेल त्या नोकरीला चिकटलेला त्याचा वर्गमित्र, यांच्यातला फरक अनेकदा जिद्दीचा नसून त्या सहा महिन्यांचा असतो.

बायकांची गोष्ट वेगळी. त्यांची हजेरी कमी, काम तेवढंच. तरी त्या एकट्या सहसा जात नाहीत, दोघी-तिघी मिळून जातात. एक बाई मला म्हणाली, "एकटीलाच चल म्हणतो आणि दर जास्त सांगतो, तिथं जायचंच नाही." रोजाचा खाडा सोसून त्यांना हा नकार द्यावा लागतो. त्याची नोंद कुठल्याच हिशेबात नसते.

आधाराचंच बोलायचं तर, बांधकाम कामगारांसाठी 1996 साली कायदा झाला, पुढे राज्यात कल्याणकारी मंडळ आलं. नोंदणीसाठी आधीच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. एकाच ठेकेदाराकडे टिकलेल्याला तो मिळू शकतो. ज्याचा मालक रोज बदलतो त्याने 90 दिवस कुणाकुणाच्या सहीने दाखवायचे? सर्वांत कमी थांबू शकणारा माणूसच असा आधाराबाहेर राहतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अड्ड्यावर छप्पर हवं, पिण्याच्या पाण्याचा नळ हवा, बायकांसाठी स्वच्छतागृह हवं, आणि तिथेच नोंदणीचं टेबल हवं. एप्रिलच्या उन्हात दहानंतर रस्त्यावर उभं राहवत नाही, म्हणून पडत्या दराला होकार जातो. सावली असेल तर आणखी तासभर नाही म्हणता येईल. तुमच्या प्रभागात मतं मागायला कुणी आलं, तर रस्ता आणि ड्रेनेजबरोबर हेही विचारा.