जुनीं मनगटी कालमापकें

न्यूयॉर्क शहरीं २६ ऑक्टोबर २०१७ रोजीं एका मनगटी घड्याळाचा लिलाव झाला व त्याला १,७७,५२,५०० डॉलर इतकी किंमत आली. तें घड्याळ रत्नजडित नव्हतें. पोलादी पेटीचें, हातानें चावी द्यावयाचें तें रोलेक्स कंपनीचें ‘डेटोना’ होतें. नट पॉल न्यूमन ह्यांना तें त्यांच्या पत्नीनें दिलें होतें, आणि गाडी जपून चालविण्याची सूचना त्याच्या पाठीवर कोरलेली होती. धातूच्या मोलानें पाहूं गेल्यास हा व्यवहार वेडेपणाचा ठरेल. परंतु संग्राहकाची दृष्टि निराळी असते, आणि ती समजून घेण्याजोगी आहे.

अशा घड्याळाला ‘क्रोनोग्राफ’ म्हणतात. ग्रीक भाषेंतील ‘काल’ आणि ‘लिहिणें’ ह्या अर्थाच्या दोन शब्दांपासून हें नांव झालें. १८२१ सालीं पॅरिस येथील घोड्यांच्या शर्यतींत निकोला रियुसेक ह्यांनीं जें यंत्र वापरलें, तें तबकडीवर शाईचा ठिपका टाकून खरोखरच काल लिहीत असे. पुष्कळ वर्षें आद्यत्वाचा मान त्यांच्याकडेच होता. पुढें लुई म्वाने ह्यांचें एक जुनें यंत्र लिलावांतून बाहेर आलें. आणि सेकंदाचा साठावा भाग मोजणारें तें कालमापक १८१६ सालींच तयार झाल्याचें २०१३ सालीं जाहीर झालें. संग्राहकाचा हव्यास कधीं कधीं इतिहासाची अशी दुरुस्तीहि करतो.

ह्या घड्याळांत नेहमींच्या कांट्यांखेरीज एक स्वतंत्र सेकंदकांटा असतो. खटका दाबला कीं तो चालूं लागतो, पुन्हां दाबला कीं थांबतो, आणि शेवटीं एकदम शून्यावर येतो. ही शेवटची करामत हृदयाच्या आकाराच्या एका चिमुकल्या चकतीची होय. तिच्यावर हातोडी पडली कीं ती कशीहि वळलेली असो, नेमक्या एकाच जागीं येऊन स्थिर होते. आडोल्फ निकोल ह्यांनीं १८४४ सालीं ह्या युक्तीचें पेटंट घेतलें. डॉक्टरांसाठीं केलेल्या कांहीं तबकड्यांवर नाडीचे आंकडे छापलेले असतात. रोग्याचे ३० ठोके मोजून खटका दाबावा. तेवढ्यांत २० सेकंद झाले असतील, तर कांटा ९० हा आंकडा दाखवितो. हिशेब करण्याचें कारणच उरत नाहीं.

किंमत ठरते ती दुर्मिळतेवर. पाटेक फिलिप कंपनीच्या १९४१ सालीं निघालेल्या ‘१५१८’ ह्या प्रकाराचीं २८१ घड्याळें झालीं, तीं बहुतेक सोन्याचीं. पोलादाचीं चारच ज्ञात आहेत. त्यांपैकीं एक नोव्हेंबर २०१६ मध्यें जिनीव्हा येथें १ कोटी १० लाख स्विस फ्रँकांहून अधिक किंमतीस गेलें. येथें पोलादानें सोन्याला मागें टाकलें!

मात्र नुसती दुर्मिळता पुरत नाहीं. घड्याळ मूळ स्वरूपांत असावें लागतें. तबकडी नव्यानें रंगविली किंवा पेटी घांसून चकचकीत केली, कीं मोल घटतें. रंगविलेल्या तबकडीच्या आणि निरनिराळे भाग जुळविलेल्या घड्याळांना परदेशांतील संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवितात. ह्यांत थोडा अन्याय आहे. ज्याला वेळ पाहावयाची आहे, त्याला पुसट आंकडे उजळून देणारा कारागीर त्याची सेवाच करतो. दोष रंगविण्यांत नसून, रंगविलेलें तें मूळचें म्हणून विकण्यांत आहे.

ह्या कलेला जगविलें तेंहि एका कारागिरानेंच. झेनिथ कंपनीनें १९६९ सालीं ‘एल प्रिमेरो’ हें आपोआप चावी घेणारें कालमापक काढलें. पुढें क्वार्ट्झ घड्याळांची लाट आली, आणि १९७५ सालीं अमेरिकन मालकांनीं जुनें काम बंद करण्याचें फर्माविलें. ल लोक्ल येथील कारखान्यांतील शार्ल व्हेर्मो ह्यांनीं तीं हत्यारें व सांचे टिपणांसह माळ्यावर लपवून ठेवले. १९८४ सालीं तेंच यंत्र पुन्हां बनूं लागलें, तें ह्या ठेव्याच्या आधारें.

ज्यांच्या घरीं आजोबांचें एखादें असें घड्याळ पेटींत पडलें असेल, त्यांनीं तें घड्याळजीकडे देतांना इतकेंच सांगावें: आंतील यंत्र स्वच्छ करावें, तबकडीला हात लावूं नये, आणि बदललेला प्रत्येक भाग परत द्यावा. तें लाखांचें निघेलच असें नाहीं. पण ज्या हातांनीं तें वापरलें, त्यांची खूण तरी पुसली जाणार नाहीं.