न्हाणीघर कुणाच्या मापाचे?

श्रोतेहो, घर बांधताना दर्शनी भिंतीच्या रंगावर चार दिवस खल होतो. न्हाणीघर मात्र आपण गवंड्यावर सोपवून मोकळे होतो. "नळ कुठे घेऊ?" असे त्याने विचारले, की "घे कुठंही" म्हणतो. त्या 'कुठंही'चा त्रास मग घरातली म्हातारी माणसे रोज भोगतात.

जुन्या घरातली न्हाणी आठवा. नाहणारा पाटावर किंवा दगडावर बसे, म्हणून कोनाडाही पुष्कळदा बसल्या हाताला लागेल असा असे. आता फरशी आली, नळ आला, आणि साबणाची बशी गेली छातीएवढ्या उंचीवर. हे माप उभ्याने नाहणाऱ्याचे. आपल्याकडे मात्र पुष्कळ घरी अजून बादली घेऊन बसूनच नाहतात. साबणासाठी ओल्या फरशीवर उठायचं, पुन्हा बसायचं, आणि नेमका तेव्हाच पाय घसरतो. उतारवयात खुब्याचे हाड मोडले, तर कितीजणांचे हिंडणेफिरणे कायमचे थांबते!

तेव्हा माप घ्यावे ते घरातल्या सर्वांत अशक्त माणसाचे. आजीला स्टुलावर बसवा, हात सहज पुढे करायला सांगा आणि तिथे खडूने खूण करा. साबण, तेल, टॉवेल सगळे त्याच उंचीवर. शौचकूप साफ करायचे ॲसिड मात्र तिथे नको. ते मुलांच्या हाती लागणार नाही असे कुलपात ठेवा.

नळाची तोटी दांडीची घ्या. गोल चकतीची तोटी साबणाच्या हाताने फिरत नाही. दांडी कोपरानेही ढकलता येते. वीस लिटरची भरलेली बादली वीस किलोची होते, हे विसरू नका. बादली नळाखालीच राहील आणि शेजारी बसून तांब्याने पाणी घेता येईल, अशी जागा ठेवा. फरशी खरबरीत हवी. घासून गुळगुळीत केलेली नको.

आता आधाराची दांडी. पडणारा माणूस हाताला येईल ते धरतो. टॉवेलची नळी त्याचा भार सोसत नाही. ती भिंतीतून उपटून येते. दांडी मुठीत मावेल अशी, सुमारे चार सेंटिमीटर जाडीची असावी, आणि भिंत व दांडी यांत बोटे शिरण्याइतकी जागा असावी. भिंत कच्ची असेल तर बोल्ट आरपार घेऊन मागे लोखंडी पट्टी द्यावी.

२०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत मोहिमेतून पुष्कळ घरी शौचालये आली. पण गुडघे धरलेल्या माणसाला उकिडवे बसवत नाही. रात्री उठावे लागू नये म्हणून कितीतरी आज्या संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. यासाठी शौचालय तोडायला नको. मधोमध भोक असलेली पक्की खुर्ची भांड्यावर ठेवली की काम भागते. बैठक जमिनीपासून पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस सेंटिमीटर असावी.

दार बाहेर उघडणारे हवे. आत कुणी पडले, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. कडीही बाहेरून काढता येईल अशी बसवा. चाकाची खुर्ची असेल तर दाराची मोकळी रुंदी नव्वद सेंटिमीटर ठेवा. आणि हो, उंबरठा नको.

शिक्षक बंधुभगिनींनो, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शाळेची इमारतही सर्वांना वापरता येईल अशी असायला हवी. एक गणिताचा तास यासाठी द्या. मुलांना टेप देऊन शाळेतल्या शौचालयाचे दार, तोटी, उंबरठा मोजू द्या. मग तीच मापे घरी घेऊन यायला सांगा. अपूर्णांक तर पक्के होतीलच. शिवाय आजीचा हात कुठवर पोचतो, हेही नातवाला कळेल.

यातल्या पुष्कळ गोष्टींना फारसा खर्च नाही. भिंत बांधण्याआधी विचारले पाहिजे एवढेच, आणि ते गवंड्याला नव्हे, आजीला!